नडगीतली पट्टी

कुब्लिस, १४ जुलै १९८३

प्रिय लुत्सी,

तुला आणि वर कुरणातल्या तुझ्या सगळ्या गायींना नमस्कार. मी मजेत आहे. दूधगाडीवाल्याबरोबर ब्रेड आणि लोकरीचे मोजे पाठवलेत. मांजरीनं तुझ्या टोपीत पिल्लं घातलीत, टोपी विसर.

नडगीतली पोलादी पट्टी काढून पंधरवडा झाला. मुद्दामच कळवलं नाही, धावत खाली आला असतास. डॉक्टर फ्लुरींनी ती कागदात गुंडाळून हातात दिली, स्क्रूंसकट. मी म्हटलं, "चला, उद्यापासून गवत कापायला मोकळी!"

"बाई, जरा दमानं," म्हणाले. इतके दिवस भार पोलादानं उचलला, म्हणून खालचं हाड आळशी होऊन विरळ झालंय. स्क्रूंची भोकंही भरायचीत. उडी मारली तर काडकन मोडेल. पण नुसतं झोपून राहिले तरी भरायचं नाही. रोज थोडा थोडा भार दिला तरच घट्ट होईल.

मला हसूच आलं. म्हटलं, "डॉक्टर, असलीच एक पट्टी घरीपण आहे. लग्नाची."

रागावू नकोस. माळ्यावरून पडले तेव्हापासून लाकडं तू फोडलीस, चीज तू केलंस, जिन्यात कोपर तू धरलंस. मी कपबशी उचलली तरी "राहू दे, राहू दे!" तुझी माया कळते रे मला. पण त्या "राहू दे"नं मी अर्धी झाले.

आता मुद्द्याचं. काल बेकरीत तुझी बहीण व्रेनी सगळ्यांना सांगत होती, सप्टेंबरात गायी सजून डोंगरावरून गावात खाली येतील तेव्हा त्यांच्या पुढं चालायचा माझा दरवर्षीचा मान यंदा तिचा. तू शब्द दिलास म्हणे. वर मलाच विचारते, "वहिनी, गायींपुढं धरायची तुझी काठी देशील ना?"

"देईन की," मी म्हटलं, "पाठीत घालू का?"

बेकरीवाली पोट धरून हसली. घरी येऊन मात्र मी रडले. मला न विचारता शब्द दिलास, लुत्सी. पाय मोडला होता माझा, जीभ नाही.

तर ऐक. डॉक्टर म्हणतात, हाड असंच भरत गेलं तर पुलापासून चौकापर्यंत चालायला हरकत नाही. रोज कुबड्या घेऊन चर्चपर्यंत जाते. आपल्या ब्लुएमा गायीच्या शिंगांवरची कागदी फुलं बांधायला घेतलीत. पुलापर्यंत व्रेनी चालू दे, तिथून पुढं मी. तिला तूच सांग, शब्द तुझा होता.

आणि त्या दिवशी तू मागं चाल, शेवटच्या गायीच्याही मागं. कोपर धरायला येऊ नकोस. पडले तर हाक मारीन.

तुझीच,
मेंगा