पुरवून खेळताना

प्रिय नोएलीन,

फोनवरच्या स्लॉटच्या जुगारासाठी तू सांगितलेला नियम मी पाळला. खात्यात असेल त्याच्या शंभराव्या भागाहून मोठा डाव लावला नाही, आणि हरलो की डाव आणखी लहान केला.

रविवारी दुपारी आईला वृद्धाश्रमातून बाहेर जेवायला न्यायचं होतं. निघण्याआधी जरा खेळावं म्हणून गाडीत बसलो. पैसे संपेचनात, मला खेळ सोडवेना. पोर्ट पिरीतल्या वृद्धाश्रमात पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई कोट घालून दारातच बसली होती.

"गाडी बिघडली का रे, डार्सी?"

"हो."

"मग उपाशीच असशील," म्हणत तिने पर्समधलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं.

पैसे अजून उरलेत गं. अंगठा स्वस्थ बसत नाही. काय करू?

तुझा भाऊ,
डार्सी