चव घ्यायला ठीक

लेटरकेनी,
जून, रविवार दुपार

प्रिय गिरीश,

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. आयरिश गावांची नावं देवनागरीत नीट आलीत का तेवढं बघ, बाकी सगळं अक्षयाने तपासलंय, असं तू वरच्या चिठ्ठीवर लिहिलंयस. बघितलं. तू ‘ट्राली’ केलंयस, तिथले लोक ‘ट्रली’ म्हणतात. ‘योघल’ असं गाव आयर्लंडात नाही, ते ‘यॉल’ आहे. तुझी संपादक अक्षया पुण्यात बसून हे ओळखू शकणार नाही, पण तू तिथे मासे खाऊन आला आहेस. असो. कामाचं एवढंच होतं. पण मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि तेव्हापासून मला चैन नाही. फोन केला असता, पण फोनवर मी तिसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तुझं उत्तर तयार असतं. म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी चांगलं ते सांगते. लिहितोस छान. इतकी वर्षं रविवारच्या पुरवणीत तुझं सदर लोक उगाच वाचत नाहीत. माझ्या आईने तर वेंगुर्ल्याला कात्रणं ठेवली आहेत, जावयाचं कौतुक तिला लेकीपेक्षा दोन बोटं जास्तच. पण अनुक्रमणिकेपाशी मी थांबले. वॉटरफर्ड, कॅव्हन, ट्रली, लेटरकेनी. प्रत्येक गावाला एक प्रकरण आणि एक पदार्थ. अरे, ही माझ्या नोकऱ्यांची यादी आहे! बाहेरून आलेल्या डॉक्टरला इथे जुलैपर्यंतचं काम मिळतं, जुलैत दुसरं हॉस्पिटल, दुसरं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तू लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात पहिल्यापासून कायम, ब्लँचर्डस्टाउनचं घर कायम, तुझा सकाळचा कॉफीचा मगसुद्धा कायम. शुक्रवारी संध्याकाळी तू गाडी काढायचास, मी असेन त्या गावाला यायचास, दोन दिवस खायचास आणि रविवारी परत. प्रस्तावनेत तू याला ‘आम्ही जाणीवपूर्वक निवडलेली खाद्यभ्रमंती’ म्हटलं आहेस. निवड कुणी केली रे? मी तर मिळेल तिथे जात होते.

वॉटरफर्डचं प्रकरण घे. ‘भल्या सकाळी बेकरीसमोर उभं राहून आम्ही गरम ब्ला घेतले, पिठाने पांढरी झालेली बोटं एकमेकांना दाखवून हसलो.’ वाचायला गोड आहे. ब्ला म्हणजे आपल्या पावाचाच मऊ भाऊ, हेही तू बरोबर पकडलंस. फक्त बेकरीसमोर मी एकटी होते. रात्रपाळी संपवून, त्याच कपड्यांत, पायाला गोळे आलेले. तू झोपला होतास. मी पिशवी कोटाच्या आत धरून आणली, गार होऊ नयेत म्हणून, तू उठलास, लोणी लावून फोटो काढलास, आणि मी माझा ब्ला अर्धा हातात घेऊन खुर्चीतच झोपले. तेव्हा मला राग आला नव्हता, हेही सांगते. नवऱ्याला गरम पाव मिळाला याचा आनंदच होता. वेडीच होते.

कॅव्हनचं मात्र मी माफ केलेलं नाही. बॉक्स्टी कशी करायची हे ज्या आजीने सांगितलं, ती तू लिहिलंयस तशी तुला जत्रेत भेटली नव्हती. ती माझ्या वॉर्डात होती. तिच्या हाताला शीर सापडत नव्हती, मी तिला बोलती ठेवावं म्हणून विचारलं, घरी काय करता हो खायला. तिने सगळं सांगितलं. थोडे बटाटे कच्चे किसायचे, थोडे उकडून कुस्करायचे, ताक घालायचं, आणि तवा नीट तापल्याशिवाय हात लावायचा नाही. मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, हे तर आपलं बटाट्याचं धिरडं! मग तीन दिवसांनी ती गेली, तेही मी तुला सांगितलं होतं. तू काय म्हणालास आठवतंय? लेखात मरण नको, लोक रविवारी नाश्ता करताना वाचतात. आणि आता पुस्तकात शेवटचं वाक्य आहे, ‘ती आजी आजही तव्यापुढे उभी असेल.’ नाहीये ती उभी, गिरीश. मी तिच्या मुलीला फोन केला होता.

ट्रलीला तू रश्श्यात बुडवलेली मटणाची पाई, म्हणजे मटण भरलेली कचोरीच, खाल्लीस आणि लिहिलंस, ‘या गावात आयुष्य काढावं असं वाटलं.’ मी भोळी, खरं धरून बसले. नेमकं त्याच महिन्यात माझ्या वरिष्ठांनी विचारलं होतं, राहतेस का इथे, तुझी मुदत वाढवायचं बघतो. मी तुला रात्रीच्या जेवणाला घेऊन गेले, म्हटलं, आता बातमी सांगावी. तू पाव मोडत म्हणालास, अगं, लिहायचं असतं तसं. गाव चव घ्यायला ठीक आहे, राहायला नाही. राहायला आपली माणसं लागतात, डब्लिनला आपलं मंडळ आहे, गणपती आहे, सगळं आहे. मी मान डोलावली आणि सोमवारी नकार कळवला. मग हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. हे तुला माहीत नाही, कारण तू रविवारी गेलेला होतास. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असतो हे मला ठाऊक होतं, पण तो माझ्या ताटात वाढला जाईल असं वाटलं नव्हतं. मूल, घर, कुत्रा, सगळं आपण ‘जुलैनंतर बघू’ म्हणत आलो. किती जुलै झाले ते मी मोजत नाही, तूही मोजू नकोस.

आता इथलं. लेटरकेनीवर तू सगळ्यात मोठं प्रकरण लिहिलंयस, कारण इथे यायला तुला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मधला रस्ता उत्तर आयर्लंडातून, त्याला ब्रिटनचा व्हिसा, तो आपल्याकडे नाही, म्हणून स्लायगोवरून वळसा. त्या वळशाबद्दल कुरकुरत यायचास आणि वाटेत दोन ठिकाणी खाऊनही यायचास! कॅरगीन या समुद्रातल्या शेवाळाबद्दल तुझी चार पानं आहेत, ‘समुद्राची खीर’ वगैरे. गेल्या हिवाळ्यात माझा खोकला भिंतीपलीकडे ऐकू गेला, तेव्हा शेजारची ब्रीड ते शेवाळ दुधात उकळून, गाळून, वाडगा घेऊन आली. चवीला म्हणशील तर ओलं वर्तमानपत्र. ती उभी राहिली मी संपवेपर्यंत, आणि म्हणाली, यू’ल बी ग्रँड, पेट, म्हणजे होशील गं बरी. झालेही. तिचा भाऊ बोटीवर असतो, त्याने मॅकरेल दिले. बांगडाच की तो. मी तिरफळं घालून तिखलं केलं, ब्रीडने डोळ्यांत पाणी आणून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा आली. यातलं काहीच तुझ्या पुस्तकात नाही, कारण हे सगळं मंगळवारी-बुधवारी झालं.

मार्चमध्ये तिने मला परसात एक वाफा दिला, बटाटे लावायला. नवे बटाटे जुलैत निघतात म्हणे. इतकी वर्षं आयर्लंडात राहून मी कुठल्याही गावचे नवे बटाटे जमिनीतून निघताना पाहिलेले नाहीत, कारण जुलैत मी खोक्यांना चिकटपट्टी लावत असते. आणि दुकानातल्या बाईने परवा विचारलं, डॉक्टर, हिवाळ्यात असणार ना इकडे? साधा प्रश्न. मी पाकिटातली नाणी पुन्हा मोजत बसले.

आणि मग मी तुझ्या पुस्तकाचा शेवट वाचला. ‘या जुलैत आम्ही डब्लिनला कायमचे परततो आहोत. मृणालिनीने ही धावपळ थांबवायचं ठरवलं आहे. एक चवदार प्रवास संपला.’ तीनदा वाचलं. मी ठरवलं आहे? कधी? तू एप्रिलमध्ये म्हणाला होतास, आता पुरे कर, माझ्या पगारात भागतं. मी काही बोलले नव्हते, कारण मला ड्यूटीवर जायचं होतं. माझं गप्प राहणं तू छापायला देऊन टाकलंस. मी नोकरी सोडणार हे अक्षयाला माझ्या आधी कळलं. तुझा मला इतका राग याआधी कधी आला नव्हता, आणि तो या कागदावर मावत नाहीये.

तेव्हा हे पत्र कशासाठी ते ऐक. मे महिन्यात इथे मला कायमची जागा देऊ केली. तुला सांगितलं नाही, कारण ट्रलीचं जेवण विसरले नव्हते. विचार करते, म्हणून थांबवून ठेवलं होतं. मुद्रितं गुरुवारी आली. शुक्रवारी सकाळी जाऊन मी सही केली. ब्रीडच्या बहिणीचं रिकामं घर भाड्याने घेतलंय, दोन खोल्या आणि चुलीचा धूर, पण माझ्या नावावर. तेव्हा तो शेवट बदल, आणि अक्षयाला सांग, बदलल्याशिवाय छापायचं नाही. तुझ्या लिक्सलिपच्या नोकरीचं काय, हे मी विचारत नाही. तो विचार या वेळी तू कर, मी प्रत्येक जुलैत केलाय. येत्या शनिवारी तू मुखपृष्ठाचा फोटो काढायला येणार आहेस, बशी धरायला माझा हात हवाय तुला. येऊ नकोस. राहायला येणार असशील तर कळव, महिन्याने ये, वर्षाने ये, मी वाट बघेन, खरंच बघेन. नसशील येणार, तर बशी धरायला दुसरा हात शोध.

अजून तरी तुझीच,
मृणालिनी