कोंडवाड्यावरचे आकाश

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, १९ जानेवारी २०२६

चिरंजीव इंद्रजीत यास विश्वजीतदादाचे सप्रेम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा शिष्टाचार आहे, म्हणून लिहिले. बंगळूरला तू, चि. सौ. ऋतुजा आणि मुले सुखरूप असालच.

मोबाइलवर आलेले तुझे सातही संदेश वाचले. उत्तर कागदावर देत आहे, कारण मोबाइलवर लिहिलेले पुसून टाकता येते आणि माझ्या स्वभावाची मला पुरेशी माहिती आहे.

यंदा येथे शीतऋतूने अमर्याद पराक्रम गाजविला. डिसेंबरात पारा आठ अंशांखाली गेला. सकाळी फिरायला न जाण्याचे जे कारण बिबवेवाडीतील सद्गृहस्थ वर्षभर शोधत असतात, ते त्यांना आयते लाभले. तुझ्या मातोश्री, अर्थात आमच्या बायडाकाकू, मात्र पहाटेपासून परसात. आपली शेती इमारतींखाली गेली; उरले ते पुढे माझे घर, मागे काकूच्या दोन खोल्या आणि मधले परस. त्या परसात तीन शेळ्या, अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा असा तिचा संसार. तू तो व्हिडिओ कॉलवर पाहत होतास. मला त्याचा परिचय प्रामुख्याने नासिकेद्वारे होता.

थंडीसाठी तिने केलेली सिद्धता शास्त्रशुद्ध होती, हे मान्य केले पाहिजे. शेळ्यांना सकाळी कोमट पाणी. भिजवलेल्या बाजरीत गूळ आणि ओवा. खुराड्याला तिन्ही बाजूंनी पोती, आत कोरडा भुसा, वरच्या अंगाला एक फट मात्र उघडी. ती फट बुजवून टाक, असा सल्ला मी दिला. काकू म्हणाली, "आपल्याच वाफेनं वल्या होऊन मरतील. कोंबडी होऊन बघ एकदा, म्हंजी कळंल." शेळ्यांना तिने पोत्यांच्या झुली शिवल्या होत्या. चंद्रीच्या पाठीवर 'जाड पोहे, निव्वळ वजन ३० किलो' असा मजकूर होता आणि ती तो एखाद्या उपाधीप्रमाणे मिरवीत असे.

आता दिवाळीच्या पाडव्याविषयी. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका विजयमालाबाई फराळास आल्या होत्या. सुभाषितांवरील माझ्या टीकेच्या अठ्ठावीस वह्या मी त्यांच्यापुढे मांडल्या होत्या. तीस वर्षांची तपश्चर्या आहे, प्रकाशक तेवढा प्रकट व्हावयाचा आहे. काकू अनारसे घेऊन आली, वह्यांकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "विशू, ह्या रद्दीत दिऊ नगंस बरं का. चंद्री गाभण हाय, कागूद पचतो तिला. कुणाच्या तरी पोटात जाईल तुझी इद्या."

सर्व हसले. विजयमालाबाईंना ठसका लागला. मीही हसलो, किंबहुना सर्वांत शेवटपर्यंत मीच हसत होतो.

पंधरा डिसेंबरला काकूच्या दाराला एक नोटीस चिकटलेली आढळली. तिला अक्षर येत नाही, म्हणून ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "वाच रं, तू शिकलेला." मी वाचली. सुस्पष्ट उच्चारात, जोडाक्षरांना यथोचित न्याय देत वाचली. 'नागरी वसाहतीत अजा-कुक्कुटादी जीवांचे अनधिकृत संगोपन होत असल्याचे निदर्शनास आले असून, सात दिवसांत त्यांचे निष्कासन न झाल्यास सदर जीव जप्त करून कोंडवाड्यात दाखल करण्यात येतील.' खाली 'नागरी पशुसमतोल कक्ष' असा जांभळा गोल शिक्का आणि सही: शी. त. गारठे, उपनिरीक्षक.

"म्हंजी काय रं?"

"म्हणजे जनावरे घेऊन जातील."

तिने कागदाला हात जोडले. मग दोन प्रश्न विचारले. एक, आपले नाव त्यांना कोणी सांगितले? मी म्हणालो, शासनाला सहस्र नेत्र असतात. दुसरा, "कोंडवाड्यात डोक्यावर छप्पर असतं का रं? ह्या गारठ्यात?" त्यावर मी काहीतरी उत्तर दिले.

तिच्या वतीने एक विनंती अर्जही मीच लिहून दिला. तिने अंगठा उठवला आणि लेखनाच्या श्रमाबद्दल मला सहा अंडी दिली. ती मी स्वीकारली.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, चार वाजता शाळेतून परतलो तर परसात आवाज नव्हता. शांतता ही वस्तू मी त्या परसाकडे वर्षानुवर्षे मागत आलो होतो. ती मिळाल्यावर क्षणभर बरेही वाटले. काकू पायरीवर बसली होती. दोरीवर तीन झुली धुऊन वाळत घातल्या होत्या.

"खाटीक दुपारीच टेंपो घेऊन आलता," ती म्हणाली. "कोंबड्या मीच कापल्या. गल्लीत वाटल्या."

"काकू, अजून दोन दिवस होते."

"दोन दिसांनी गारठा वाढला असता. उघड्यावर कुडकुडून मरन्यापरीस एका घावात बरं. न्हाई का?"

"पण चंद्री गाभण होती."

"खाटकाला न्हाई सांगितलं. त्यानं घेतली नसती मग." तिने पदराने हात पुसले. तिच्या आयुष्यातले हे बहुधा पहिले असत्य, आणि तेही न बोलून केलेले. "जा, तुझ्या घरी डबा ठेवलाय. कोंबड्याचा रस्सा हाय. गरम हाय तवर खा. अर्ज लिवलास माझ्यासाठी."

मी खाल्ला, इंद्रजीत. दोन भाकरींबरोबर खाल्ला. डबा परत करताना मीठ किंचित कमी पडल्याचेही तिला सांगितले.

तू माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहेस आणि शनिवारी येऊन त्या कचेरीत संबंधितांना जाब विचारणार आहेस. असा कोणताही कक्ष अस्तित्वात नाही, असे उत्तर तुला येईल. ते अक्षरशः सत्य असेल. एखाद्या निरपराध कारकुनाच्या टेबलापुढे तू आवाज चढवण्यापूर्वी, तुझ्या हळदीचा दिवस आठव. अकरा वर्षे झाली. तुझ्या वडिलांना, म्हणजे दत्तोबाकाकांना, 'वाजंत्री-अधिभार त्वरित भरावा' अशी नोटीस आली होती आणि ते हळदीच्या अंगाने अधिकाऱ्याला शोधत गल्लीभर हिंडले होते. आपण दोघे हसून लोळलो होतो. त्या नोटिशीवरचा शिक्का मी नारायण पेठेत करवून घेतला होता. खाली सही शी. त. गारठ्यांचीच होती. शिक्का अद्याप माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ही नोटीस मी लिहिली.

सातव्या दिवशी जिलबी घेऊन जायचे आणि रहस्यभेद करायचा, अशी योजना होती. असे मी महिनाभर स्वतःला सांगत आहे. अधिक अचूक विधान असे की, पहिल्याच दिवशी ती घाबरलेली पाहिली आणि मला थांबावेसे वाटले नाही. जिने माझ्या तीस वर्षांचा चारा केला होता, ती माझ्या एका वाक्यापुढे हात जोडून उभी होती. इतका तल्लीन श्रोता मला यापूर्वी लाभला नव्हता.

आणि ते उत्तर, जे मी वर गाळले. छप्पर असते का, असे तिने विचारले तेव्हा मी म्हणालो, "असते ना, काकू. शासकीय आकाश." हा विनोद मला इतका आवडला की त्याच सायंकाळी मी तो वहीत टिपून ठेवला. तिला तो विनोद वाटला नाही. तिला ती माहिती वाटली.

एक जानेवारीला मी प्रायश्चित्ताचा एक स्वस्त प्रयोग केला. 'तीन शेळ्या बाळगण्यास अनुज्ञा देण्यात येत आहे' असा दुसरा कागद सिद्ध केला, शिक्का मारला आणि तिला वाचून दाखविला. तिने तो हातात घेतला, आत गेली आणि आणखी दोन कागद आणून तिन्ही जमिनीवर ओळीने मांडले. एक पहिली नोटीस. दुसरा काकांचा, वाजंत्रीचा. ते तो देवघरात जपून ठेवत आणि आल्यागेल्याला दाखवून हसत. काकूने तिन्ही शिक्क्यांवरून बोट फिरवले.

"ह्या गोलाला हितं खाच हाय. ह्यालाबी हाय. आणि ह्यांच्या कागदालाबी."

मी माझा नवा कागद उचलायला वाकलो.

"अकरा कोंबड्यांतली कंची कुठली, ते मी नखावरनं वळखत हुते, विशू."

तू समजतोस तशी ती खचलेली नाही. ती जेवते, झाडलोट करते, परसातले तिन्ही खुंट पुसते. आणि रोज सकाळी सात वाजता मला हाक मारते, "विशू, वाच." मी त्या खुंटांसमोर उभा राहून पहिली नोटीस मोठ्याने वाचतो. अडखळलो तर पहिल्यापासून वाचवून घेते. कोंडवाडा आला की विचारते, "छप्पर असतं का रं?" आणि मला उत्तर द्यावे लागते. काल मी "नाही" म्हणालो.

"तसं न्हवतास म्हनाला," ती म्हणाली. "म्हनाला हुतास तसंच म्हन."

म्हणालो.

गारठा अद्याप ओसरलेला नाही. वाचताना मला कापरे भरते. तेव्हा ती चंद्रीची झूल आणून माझ्या पाठीवर घालते आणि गळ्याखाली सुतळीची गाठ मारते. घट्ट मारते, पण आवळत नाही. जनावराला मारावी तशी. पाठीवरचा मजकूर मला दिसत नाही, तरी तो मला मुखोद्गत आहे.

तू शनिवारी अवश्य ये. कचेरीत जाऊ नकोस. सकाळी सातच्या आत परसात येऊन उभा राहा आणि एकदा ऐक. तिला थांबवू नकोस. मला काय म्हणायचे ते नंतर म्हण.

पहिल्या ओळीत जे आशीर्वाद दिले, ते देण्याचा अधिकार मला उरलेला नाही. ते परत घेतो.

शी. त. गारठे
उपनिरीक्षक