सातपर्यंत मोजायचं

रविवार, २४ नोव्हेंबर

इतिहासात नोंद व्हावी असा अन्याय — आज टोमॅटोची सुरीसुद्धा बोथट निघाली!

एकोणीस वर्षं मी ह्या घरचा जावई आहे. एकोणीस वर्षं दर रविवारी सातासमुद्रापारच्या दुरास्नो गावातल्या ह्या परसात विस्तव पेटतो, बरगड्या जाळीवर चढतात, आणि माझ्या वाट्याला येतं लेट्यूस. पुण्याची संस्कृतातली पदवी, वर सुवर्णपदक, आणि हुद्दा काय — पर्णकर्तनाधिकारी! विस्तवाच्या तीन हात आत पाऊल पडलं की सासरे चिमटा उगारतात. "बो, हिंदू! तुझा पाला वाळतोय तिकडे." इथे 'बो' म्हणजे 'अरे', आणि भारतातून आलेला प्रत्येक जण हिंदूच. माझं नाव श्रीनिवास आहे हे त्यांनी बहुधा लग्नाच्या दाखल्यावर एकदा वाचलं असेल.

पुण्याच्या एका मासिकाला मी दर महिन्याला पत्र पाठवतो त्यात हे बसणार नाही. संपादकांना तिथलं लोकजीवन हवं असतं. जावयाचं जीवन लोकजीवनात मोडत नाही.

पण आज वही काढली ती सुरीसाठी नाही.

सासरे म्हणजे डॉन वाल्देमार. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं मटणाच्या दुकानात उभे. विस्तव मोजायची त्यांची रीत घरातल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ. जाळीवर उघडा तळहात धरायचा, पोरांनी मोठ्याने आकडे म्हणायचे. तीनला हात ओढला तर विस्तव माजलाय, निखारे पसरा. दहापर्यंत टिकला तर मेलाय. सातला ओढला की मांस टाकायचं. माझी लेक कान्देला आकडे शिकली त्याच जाळीपाशी.

आज तिने मोजलं. सात. आठ. नऊ. आजोबा, तिचे ताता, हसतायत. अकरा, बारा — आणि खाली निखारे पांढरे पडलेले, मला तीन हातांवर सोसवत नव्हते! केस जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि हात काढला. टेबलावरची टोपी उचलावी तसा. सावकाश.

"ताता, चौदा!" कान्देला ओरडली. "विक्रम!"

"म्हाताऱ्या बैलाचं कातडं, पोरी."

सगळे हसले. मांस बाहेरून कोळसा, आतून कच्चं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. कुणी सॅलडचीसुद्धा स्तुती केली नाही — इतकी शांतता!

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दुपारी गाव झोपलेलं असताना सासऱ्यांचा फोन. "ये. एकटा." दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर.

"दार लाव."

लावलं. त्यांनी तळहात पुढे केला. मधोमध मोठ्या नाण्याएवढा फोड.

"दुखतं का?"

"दुखलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

साखर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हातापायांना काही कळेनासं झालंय हे कुणालाच नाही. सहा महिने. माझी बायको हिमेना दवाखान्यात परिचारिका, आठवड्यातून तीन दिवस साखरेच्या रोग्यांचे पाय तपासते! आणि बापाला "पाय दाखवा" म्हटलं की तो म्हणतो, "खाटीक पाय दाखवत नाही, पाय विकतो." ती हसते. आम्ही सगळेच हसतो.

"चौदा तारखेला पोरीचं पंधरावं," सासरे म्हणाले. पंधरावा वाढदिवस इथे मुलीच्या लग्नासारखा साजरा होतो. "हॉल नको म्हणाली. नाच परसात आणि तातांच्या हातचं मांस. दोन बोटं जाड काप, आतून गुलाबी, सुरी लागताच रस सुटला पाहिजे — तिचे शब्द. चाळीस माणसं, आणि ती मोजणार. तोवर गप्प राहा. पंधराला मीच हिमेनाला सांगतो."

"आणि मी आज सांगितलं तर?"

"तर ती आज माझी स्कूटर नेईल, उद्या विस्तव आणि परवा मला. माझ्या थोरल्या भावाचं आधी नुसतं नखच गेलं होतं, हिंदू. शेवटी खुर्चीला चाकं लागली. चाकांवर बसून कुणी मांस भाजत नाही."

मी शब्द दिला. शब्दाचं ब्रह्मास्त्रासारखं आहे. सोडायचा मंत्र सगळ्यांना येतो, परत घ्यायचा कुणी शिकवत नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

योजना त्यांची. चौदाला सातच्या आकड्यावर ते हात ओढतील — नाटक. पण विस्तव खराच हवा, म्हणून आधी माझा हात गुपचूप मोजणार. थोडक्यात, मी थर्मामीटर.

आज पहिला वर्ग. कडेच्या लोखंडी पिंजऱ्यात लाकडं जळतात, निखारे खाली पडतात, ते ओढून जाळीखाली घ्यायचे. मी तळहात धरला. दोन!

"हा हात आहे का बिस्किट?"

"पुस्तकं चाळणारा हात आहे."

"मग पुस्तकं ओली होती वाटतं."

पण त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! तोंडाने म्हणाले, "पाडशील तर बघ."

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

चार! त्यांच्या सातच्या जागी माझा चार बसतो. तीनदा ताडून पाहिलं, मांस टाकून, कापून, खाऊन. कोष्टक तयार. सासरे चावत राहिले, मग म्हणाले, "वाईट नाही." दुरास्नोत याहून मोठी पदवी नाही.

रविवार, १ डिसेंबर

आज जेवण कान्देलाच्या मामीकडे, सासऱ्यांची जाळी बंद, म्हणून वाचलो. हिमेनाने धुवायला टाकलेला माझा शर्ट नाकाशी धरला. धुराचा वास. रोज दुपारी मी कुठे असतो हे तिने शोधून काढलंय — अर्धं.

"बाबा तुला शिकवतायत ना?"

म्हटलं, "हो."

तिचे डोळे भरले. "माझ्या भावालासुद्धा त्यांनी कधी निखाऱ्याजवळ उभं केलं नाही. मला काही सांगू नकोस. तुमचं दोघांचं आहे ते."

सापळा म्हणजे काय, तर दार बाहेरून प्रेमाने लावलं जातं तो.

मंगळवार, ३ डिसेंबर

सासरे निखारे ओढत होते. त्यांच्या डाव्या कापडी चपलेच्या तळातून काहीतरी फरशीवर खरखरत होतं. म्हटलं, "चप्पल काढा." "काम कर." "काढा, डॉन वाल्देमार."

चपलेतून आत घुसलेला खिळा, बोटभर. मोजा अंगठ्याखाली काळपट, वाळलेला. त्यांनी वाकून पाहिलं — दुसऱ्याचाच पाय असावा असं.

"कधीचा असेल?"

"तुला काय वाटतं, मला माहीत आहे?" मग हसले. आम्ही दोघेही हसलो. देवा!

मी धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी हिमेनाच्या पेटीतून उचलली. बायकोची पट्टी चोरून बायकोच्या बापाला. सुवर्णपदक!

म्हटलं, आता डॉक्टर. ते म्हणाले, "पंधराला." मग चिमटा पुढे केला. "चल. विस्तव वाट बघत नाही."

मी घेतला.

गुरुवार, ५ डिसेंबर

पट्टी बदलली. बरं दिसतंय. बहुधा.

रविवार, ८ डिसेंबर

भर पंगतीत सासरे म्हणाले, "आज जाळीपाशी हिंदू." टेबलावर कुणाचा तरी काटा खाली पडला. मेहुणा नेल्सन म्हणाला, "मग सॅलड कोण करणार?"

"तू," सासरे म्हणाले.

नेल्सनने लेट्यूस असं चिरलं जणू त्या पाल्याने त्याचं काही वाकडं केलं होतं. मी मनातल्या मनात चारपर्यंत मोजलं, मांस टाकलं, मीठ भरड, एकदाच उलटलं. रस सुटला. कान्देलाने ताट पुसून खाल्लं. ह्या परसात मी आज पहिल्यांदा पाहुणा नव्हतो.

पट्टी बदलायची राहिली. आठवलं ते घरी आल्यावर.

बुधवार, ११ डिसेंबर

अंगठ्याची कड काळी. वास येतो. निखाऱ्याच्या धुरातही येतो.

"आज चला. आत्ता. मी गाडी आणतो."

"तीन दिवस, हिंदू."

"मी हिमेनाला सांगतो."

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत. थर्मासमधून 'माते'च्या, म्हणजे इथल्या कडू चहाच्या, वाटीत पाणी ओतलं, वाटी मला दिली. "ती जन्मली तेव्हा मी दुकानात होतो," म्हणाले. "तिच्या पंधराव्याला दुकानात होतो. लोकांच्या समारंभाचं मांस कापत. हिच्या पंधराव्याला मला उभं राहू दे."

मी वाटी परत दिली. घरी हिमेना झालरी शिवत होती. विचारलं, "आज काय शिकलास?"

शुक्रवार, १३ डिसेंबर

हिमेनाला सांगायला दारापर्यंत गेलो. ती गाणं गुणगुणत होती. परत आलो.

शनिवार, १४ डिसेंबर

दुपार. चाळीस म्हणता म्हणता बावन्न माणसं. कान्देला फिक्या निळ्या झग्यात जाळीपाशी आली, नेल्सन मागून ओरडतोय, "झगा सांभाळ, नाहीतर तुलाच वाढतील!" मी आधीच हात धरून पाहिलं होतं — चार. सासऱ्यांना मान हलवली.

त्यांनी तळहात धरला. बावन्न माणसांनी एका सुरात मोजलं. सातला असा ओढला, अशी आरोळी ठोकली, की बुधवारपासून तालीम करत असावेत! मांस पडलं, चरचरलं. टाळ्या.

दुसऱ्या फेरीला घात झाला. वारा फिरला, नवे निखारे आले, आणि पोरं पुन्हा मोजायला आली — माझ्या हातात ताटं. सासऱ्यांनी हात धरला. एक. दोन. ते माझ्याकडे बघत होते. हाताकडे नाही, माझ्याकडे. तिसऱ्याला मी ताटं नेल्सनच्या छातीवर लोटली आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात धरला. चार, पाच, सहा, सात — सातला दोघांनी ओढला!

"हिंदू सातला!" नेल्सन किंचाळला. "हिंदूला कातडं आलं!"

सगळे हसत होते. माझा चार सुरू झाला तिसऱ्या आकड्यानंतर, हे फक्त एकाला कळलं. ते हळूच म्हणाले, "सात. बरोबर. टाक."

जेवण झाल्यावर नेहमीची हाक उठली — भाजणाऱ्याला टाळी! सासऱ्यांनी माझं मनगट धरून वर केलं. "आज ह्याला." बावन्न माणसं उभी राहिली. हिमेना रडत होती. माझ्या शाकाहारी आईने हे पाहिलं असतं तर तीही रडली असती, वेगळ्या कारणाने.

मग कान्देलाबरोबर वॉल्ट्झ. आधी बापाने, म्हणजे मी, मग आजोबांनी. त्यांनी नवे बूट घातले होते, काळे, चकचकीत. गाणं पूर्ण नाचले. मी फरशीकडेच पाहत होतो. डाग नव्हता. मी देवाचे आभार मानले — डाग नव्हता म्हणून!

रविवार, १५ डिसेंबर

ते सांगणार होते. सकाळी दार उघडलं नाही. किल्लीने उघडलं — ताप, बडबड, बूट पायातच. झोपतानाही काढले नव्हते. हिमेनाने कात्रीने कापले.

तिने पट्टी ओळखली. तिच्या पेटीतली.

"कधीपासून?"

"खिळा तीन तारखेला दिसला."

ती बोटांवर दिवस मोजू लागली. मोठ्याने, इथे सगळे मोजतात तशी. बारापर्यंत गेली.

सोमवार, १६ डिसेंबर

अंगठा जाणार. उरलेल्या पायाचं गुरुवारी सांगतील. आठवडाभर आधी आणलं असतं तर बहुतेक सगळा वाचला असता, डॉक्टर म्हणाले. हिमेना माझ्याशी रागाने बोलत नाही. "तू शब्द दिला होतास," एवढंच म्हणाली, आणि माझ्या मोजून मोजून भाजलेल्या हाताला मलम लावलं.

तेच सोसवत नाही. शब्द मी मंगळवारी, तीन तारखेलाच मोडणार होतो. मोडला असता. तेवढ्यात त्यांनी चिमटा पुढे केला.