खाली सही माझी

९ जून

शेजारचा घड्याळवाला तक्रार टाइप करून घ्यायला आला. पोलीस ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी जीपनं दूधवाल्याला उडवलं आणि न थांबता निघून गेले — ह्याने समोरून पाहिलं. मी म्हटलं, बाबा रे, आपली दुकानं ठाण्याच्या भिंतीला लागून, कशाला नसती उठाठेव? तर म्हणे, "दिसलं ते दिसलं. तुम्ही टाइप करा." केलं. जाताना माझं घड्याळ नेलं, पट्टा बदलायला.

पूर्वी दिवसाला पाच-सहा तक्रारी टाइप व्हायच्या माझ्याकडे. आता आठवड्यात एखादी. परवा एका बाईची सायकल चोरीला गेली. लिहायची का, विचारलं. म्हणाली, "सायकल गेली तेवढी पुरे. ठाण्यात गेले तर आणखी काय जाईल कोण जाणे."

११ जून

मिशा आला. ठाण्यातला हवालदार, मिशांवरून मीच ठेवलेलं नाव; चौदा वर्षांची ओळख. हातात तीन कोरे कागद, नेहमीसारखे. "खाली सही ठोका काका, वरचं आम्ही लिहून घेतो." पंचनाम्याला साक्षीदार लागतात. हल्ली कुणी उभं राहत नाही, म्हणून मी. ठोकल्या तीन. त्या बदल्यात माझा बोर्ड फुटपाथवर राहतो. वर काय लिहितात ते मी कधी विचारलेलं नाही. विचारलं तर पुन्हा सही करवणार नाही, एवढं कळतं मला.

१२ जून

दुकान बंद. पहिल्या गाडीने ताईकडे — तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर, पाठीचा भुगा. एका डोळ्याला पट्टी, तरी ताईला दिसलंच, "वाळलास रे!" संध्याकाळी परत.

१३ जून

घड्याळवाल्याला काल उचललं. चोरीची घड्याळं सापडली म्हणे दुकानात. शटरला सील. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणत होतं, "सापडली कसली, ठेवली." मला पाहिलं आणि सगळे गप्प. चहा न घेताच परत आलो.

२१ ऑक्टोबर

कोर्टाचं समन्स, २८ तारखेचं. घड्याळवाल्याच्या खटल्यात साक्षीदार — मी.

मिशाने पंचनामा दाखवला. '१२ जून, सकाळी अकरा वाजता, आमच्या समक्ष, टेबलाच्या खणातून सतरा घड्याळं.' खाली माझी सही. वळणदार आहे, नाही म्हणायची सोय नाही.

"फक्त हो म्हणायचं काका, पाच मिनिटांचं काम." मग जाता जाता, अगदी सहज — "मुलीच्या नोकरीचा वर्तणुकीचा दाखला साहेबांच्याच टेबलावर आहे ना?"

दुकान लवकर बंद केलं.

२२ ऑक्टोबर

घड्याळवाल्याची बायको आली, जामिनाच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला. नवरा चार महिने आत. कागद माझ्या हातात देईना. म्हणाली, "भाऊ, पोलिसांच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. पण खाली तुमची सही पाहिली. तुम्ही कशाला खोटं लिहाल? आता मलाच वाटायला लागलंय, ह्यांनी खरंच काही केलं असेल का."

मी मशीनचं झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. कागद अडकलाय म्हटलं. अडकला नव्हता.

जाताना पिशवीतून माझं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. नवा पट्टा लावलेलं. "अकरा जूनलाच करून घरी आणलं होतं त्यांनी. राहूनच गेलं द्यायचं."

लाज वाटली. आजवर वाटायला हवी होती तेवढी सगळी आजच वाटली.

२४ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "चौदा वर्षं कोऱ्या कागदावर? अहो, कुरिअरवाल्याच्या कागदावर मी वाचल्याशिवाय सही करत नाही!" मग पाठ फिरवून भांडी घासत बसली.

लेक बराच वेळ नखं कुरतडत होती. मग म्हणाली, "बाबा, चांगल्या वर्तणुकीचा दाखला मला ह्या लोकांकडून घ्यायचाय?" नोकरी तिची आहे. किती खपून मिळवलीय, मी पाहिलंय.

२६ ऑक्टोबर

घड्याळवाल्याच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिथे नव्हता हे नुसतं सांगून भागणार नाही. साक्षीदार फोडला म्हणतील. काही लेखी आहे का?" हॉस्पिटलात नाव ताईचं, बाकावर बसणाऱ्याची नोंद कोण ठेवतं? आणि ताईचं कोण ऐकणार, बहीणच ती.

घरी येऊन लिहायला वही उघडली. मग मागची पानं उलटली. १२ जून. सगळं होतं.

२७ ऑक्टोबर

वकीलबाईंना फोन केला. तेवढंच पान फाडून दिलं तर? "सुटं पान कुणी मानत नाही. वही अख्खी लागेल," म्हणाल्या. आणि मग, "आत काय काय आहे?"

सगळंच आहे, म्हटलं.

२८ ऑक्टोबर

न्यायाधीश साहेब, ह्या वहीत दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं हे पहिलंच पान. आज ती तुमच्यापुढे येईल. १२ जून काढून देतील, तो वाचा. मग एक पान मागे या. ११ जूनही वाचा.