जाळ्याची निळी छाप

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

चारकोपला गच्चीवर मी उन्हाने चित्रं छापते. कापडाला केमिकल लावायचं, वर वस्तू ठेवायची, ऊन दाखवून धुवायचं. बाकी कापड निळं होतं, वस्तूची सावली पांढरी राहते.

काल मासे धरायचं जाळं छापलं. कापड पाण्यात बुडवलं आणि एकेक गाठ उमटली. बाबांनी जाड दोऱ्याने सांधलेला कोपरासुद्धा! मोबाइलच्या फोटोत तो असा कधीच दिसला नसता.

हो, बाबांचंच जाळं. गणपतीत मीच पिशवीत घालून आणलं. देवेशदादाने ते विकलं असं समजून बाबा त्याच्यावर ओरडले, तेव्हा मी गप्प बसले. दादा अजून घरी येत नाही ना? फोनवर धीर होत नाही, म्हणून लिहितेय. आधी त्याला बोलाव, मग हे पत्र बाबांना वाचून दाखव.

जाळ्याला निळे डाग पडलेत. धुण्याच्या सोड्याने ते निघतात. जाळं गुपचूप माळ्यावर परत ठेवता आलं असतं.

मी ते धुतलेलं नाही.

तुझी,
रुचिरा