जुनीला कुणाच्या घरी न्यावं

मी, टेसा लोरीन कॉडिल, वय एकोणतीस, राहणार ब्रॅनम क्रीक, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगवटा आला आहे, पण त्याचा विचारशक्तीवर परिणाम झालेला नाही, असं मी मागून घेतलेलं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आणू शकतील अशा दोघीच आहेत, आई आणि बहीण, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

येत्या गुरुवारी लेक्सिंग्टनला माझी शस्त्रक्रिया आहे. बहुतेक माणसं यातून नीट घरी येतात, हे मला तिथल्या तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, कारण मी तिघांना विचारलं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. त्यामुळे वडिलांच्या खाणीत खराब झालेल्या फुप्फुसांच्या भरपाईपासून आईच्या विम्यापर्यंत घरचे सगळे अर्ज मीच लिहीत आले. चुकलं तर दाखवून देणारं घरात कुणी नाही, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचते आहे. आमच्या राज्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, तरी मी ओळखीच्या दोघींना साक्षीला बोलावलं आहे.

कलम पहिलं. माझं फिरतं घर, त्याखालचा जमिनीचा तुकडा आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी जून, म्हणजे जुनी, वय पाच, हिचं. तिच्या वडिलांनी ती जन्मण्याआधीच न्यायालयात पालकत्वाचा हक्क सोडला आहे. त्यांच्याबद्दल मला राग नाही, आणि लिहिण्यासारखंही काही नाही. गाडी माझी बहीण शॅना हिला. गाडीच्या मागे कोणत्याही पक्षाचं स्टिकर नाही. त्यामागे काही हेतू नाही, पण आमच्या भागात ती कोरी जागासुद्धा लोक वाचतात, हे शॅनाने लक्षात ठेवावं.

कलम दुसरं. वडिलांचे पाने, जॅक आणि वेल्डिंगचा मुखवटा शेजारी हर्शेल नोबल यांना. ते ही हत्यारं उसनी नेतात आणि पुसून परत आणतात. एक तक्रार मात्र इथे नोंदवते. गेल्या निवडणुकीत त्यांनी कुंपणाला लावलेलं निशाण अजून उतरलेलं नाही. ते केवढं मोठं आहे हे त्यांना माहीत आहे. माझ्या टोमॅटोंवर दुपारी तीननंतर त्याचीच सावली असते. मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "टेसा, हा देश स्वतंत्र आहे." मी म्हटलं, "हर्शेल, टोमॅटोंना ते कळत नाही." ते हसले आणि मला त्यांच्याकडचे टोमॅटो देऊन गेले. हत्यारांसाठी कोणतीही अट नाही. राज्य कुणाचंही असो, त्यांनी ते निशाण उतरवावं, एवढीच विनंती.

कलम तिसरं. जुनी अठरा वर्षांची झाली की तिला माझी मतं वाचून दाखवावीत. आमच्या घरात पैसा कधी नव्हता, मतं मात्र भरपूर होती. माझी तशी थोडीच आहेत.

राजकारण: गेल्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत मी दोन वेगळ्या पक्षांना मत दिलं, आणि दोन्ही वेळा, मतदान जिथे होतं त्या शाळेच्या व्यायामशाळेतून बाहेर पडताना मला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. पुरात आमचा पूल गेला तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक चिखलात उभे राहून फोटो काढून गेले. पूल अजून लोखंडी पत्र्यांवर आहे. तरीही, जुनी, मत दे. न देणाऱ्यांच्या गप्पा तर मला त्याहून कंटाळवाण्या वाटतात.

श्रद्धा: देव आहे असं मला वाटतं. तो दिवसभर बातम्यांची वाहिनी लावून बसत असेल असं वाटत नाही. मी प्रार्थना करते ती बहुतेक गाडी चालवताना, म्हणून डोळे उघडे ठेवून. माझ्या अंत्यविधीत आमच्या चर्चचे धर्मोपदेशक ब्रदर डॉयल यांनी उपदेश जरूर करावा. पण शवपेटीकडे हात करून, "उद्या इथे तुम्ही असाल, आजच पुढे या आणि तारणहाराला स्वीकारा," हे आवाहन करू नये. वडिलांच्या वेळी त्यांनी ते केलं, आणि सगळा जमाव मान वळवून चर्च सोडलेल्या शॅनाकडे पाहू लागला. त्या दिवशी ती फक्त एक मुलगी होती जिचा बाप गेला होता.

टीव्ही आणि सिनेमा: अचाट शक्तीच्या वीरांचे सिनेमे मला आवडत नाहीत. शहरं कोसळतात आणि ढिगारा कुणी उचलत नाही. नाताळच्या सिनेमांत शहरातली बाई गावी परत येते आणि तिला लाकूडतोड्या भेटतो. आमच्याकडे परत आलेल्या बायका आईची औषधं आणायला आलेल्या असतात. गाण्याच्या स्पर्धा मात्र मी बघते, कारण आई आणि शॅना दोघी बघतात. जाहिराती लागल्या की आईचा फोन येतो: "त्या ओक्लाहोमाच्या पोराला मत दे, बाकीचे नुसते ओरडतात." तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर शॅना असते: "ओक्लाहोमावाल्याला दिलंस का?" मी दोघींना हो म्हणते आणि दोघींनाही सांगत नाही की दुसरी काय म्हणाली. सांगितलं तर दोघी त्याला मत द्यायच्या थांबतील, अशी मला भीती वाटते.

कलम चौथं. हे मृत्युपत्र खरं तर या कलमासाठी आहे. मी गेले तर जुनीला कुणी वाढवावं, ते इथे लिहिते. न्यायालयाचा शब्द शेवटचा, हे मला माहीत आहे; पण न्यायाधीशांनी माझं म्हणणं वाचावं, आणि ते नीट वाचता यावं म्हणून आधी काय घडलं ते सांगते.

आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. माणसं उभी राहतात, कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या नोकरीसाठी प्रार्थना मागतात. साथीच्या काळात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सभा फोनवरून थेट दाखवायला सुरुवात झाली, ती पुढेही चालू राहिली. एका बुधवारी आई, म्हणजे नॉर्मा कॉडिल, उभी राहिली.

"माझ्या थोरलीसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "वाट चुकली आहे पोरगी. सिनसिनाटीला लग्नाशिवाय एका माणसाबरोबर राहते. चर्चचं तोंड बघत नाही. आणि मत कुणाला दिलं, ते तर मी या पवित्र जागेत उच्चारूसुद्धा शकत नाही."

मग तिने ते उच्चारलं.

आईच्या मनात दुष्टावा नव्हता. आमच्याकडे जिच्यावर जीव असतो तिचं नाव असंच चारचौघांत घेतात, आणि सगळे जण माना खाली घालतात. पण सभा दाखवायला फोन धरून बसणाऱ्या डॅरेलने बघणाऱ्यांचे स्क्रीनवर आलेले संदेश वाचून दाखवायची सवय लावून घेतली होती. त्याने वाचलं: "आई, मी बघतेय. शॅना."

चर्च सोडलेली शॅना दर बुधवारी ताटली मांडीवर घेऊन ती सभा बघत असे. गाणी ऐकायला, असं ती म्हणते. आईला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यानंतर तिने बघणं सोडलं. आईने माफी मागितली नाही, कारण प्रार्थनेबद्दल माफी कशी मागायची हे तिला कळत नाही.

गेल्या महिन्यात मी दोघींना एकच प्रश्न विचारला. आई ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत होती, वाळवायला.

"आई, मला काही झालं आणि जुनी तुझ्याकडे राहिली, तर तिला सुट्टीत शॅनाकडे पाठवशील?"

"तुला काही होत नाही."

"झालं तर."

तिने दोऱ्याला गाठ मारली. "नाही पाठवणार."

"नुसतं हो म्हण. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू? तुझं डोकं उघडणार आहेत, आणि अशा वेळी तुझ्याशी खोटं बोलू? तो माणूस कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्या घरात जेवणाआधी कुणी मान खाली घालत नाही. नाही पाठवणार. हवं तर लिहून घे."

शॅनाला मी फोन केला. ती भांडी घासत होती.

"जुनी तुझ्याकडे आली तर आईकडे पाठवशील?"

"आईकडे म्हणजे चर्चलाही."

"हो."

"तिथे माझ्याबद्दल जे बोलतात ते पोरीने ऐकायचं."

"हो."

तिने नळ बंद केला. "तू फार दुष्ट आहेस, टेसा."

"माहीत आहे."

"पाठवेन. मीच आणून सोडेन, तीन तास गाडी हाकत. आत येणार नाही पण. बाहेर गाडीत बसेन, आणि सगळ्यांना दिसेल अशी बसेन."

म्हणून मी माझी बहीण शॅना डॉन कॉडिल हिला जुनीची पालक नेमत आहे. ती आईपेक्षा चांगली आहे म्हणून नाही. आईच्या घरी जुनी जास्त जेवेल, जास्त झोपेल, आणि तिला स्तोत्रं पाठ होतील. मला हे सगळं हवं होतं. पण आईकडे राहिली तर तिला एकच घर मिळेल, आणि शॅनाकडे राहिली तर दोन. आईने खोटं सांगितलं असतं तर हा मजकूर उलटा असता. खरं बोलण्याची तिला ही किंमत पडते आहे, आणि ती माझ्या हातून वसूल होते आहे. मी फार थकले आहे. याहून बरं काही मला सुचलं नाही.

कलम पाचवं. हे कलम मी योजलं नव्हतं. आईने हे वकिलाच्या तोंडून ऐकू नये म्हणून आज सकाळी मी तिला चौथं कलम वाचून दाखवलं. ती पुन्हा शेंगा ओवत होती; तिने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "तसंच बोलले मी. खरं आहे." आणि सुई परत उचलत, "जुनी पोट दुखतंय म्हणाली की ती घाबरलेली असते, हे शॅनाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग लिही."

पुढचं तिने सांगितलं तसं लिहिते. जुनी पोट दुखतंय म्हणाली तर औषध देऊ नये, जवळ बसावं. तिला अंधाराची भीती नाही, बंद दाराची आहे. मक्याची भाकरी ती दुधात कुस्करून खाते. ताटात घाण करू नको म्हणून रागावू नये, तिचे आजोबा तशीच खायचे. केस ओले असतानाच विंचरावेत. ती रडली तर मॅमॉला, म्हणजे आजीला, फोन करावा, कितीही वाजलेले असोत.

"हे तुझ्या नावाने घालू का?" मी विचारलं.

"तुझ्याच नावाने असू दे." सुई ओवून झाल्यावर ती म्हणाली, "बरं, माझं नाव घाल. मजकूर माझा आहे हे तिला तसंही कळेलच."

मी तिचं नाव घातलं. मला वाटलं झालं.

"आणि तीन तास पोरीला सोसत नाहीत," आई म्हणाली. "दीड तासानंतर तिला गाडीत उलटी होते. विंचेस्टरला हमरस्त्यालगत तो पेट्रोल पंप आहे ना, तिथपर्यंत शॅनाने आणावं. पुढे मी आणेन. परत जातानाही तसंच."

"तू येशील तिथे?"

"मग काय पोर एकटी चालत येणार?"

"गाडीतून उतरशील का, ते विचारते आहे."

आई चिडली. "उतरल्याशिवाय तिच्या हातातून पोर घेऊ कशी? लिही: शनिवारी सकाळी दहा. आणि शॅनाला म्हणावं, वेळेवर ये, मला उन्हात उभं ठेवू नकोस."

हे कलम नॉर्मा कॉडिल यांच्या शब्दांत आहे. मी गुरुवारच्या शस्त्रक्रियेनंतर नीट घरी आले तर बाकीचं मृत्युपत्र कपाटात राहील, पण हे एक कलम मी त्याआधीच, आजच, शॅनाला पाठवत आहे. आईला विचारलं आहे. ती नाही म्हणाली नाही.

वर लिहिलेलं सगळं माझं आहे, समजून लिहिलेलं आहे, आणि दोनदा वाचून त्याखाली मी सही करत आहे.

टेसा लोरीन कॉडिल

आम्ही दोघींनी टेसाला सही करताना पाहिलं. तिचा हात स्थिर होता.

ओपल हेन्स्ली, ब्रदर डॉयल यांच्या पत्नी
मरीन बोगेस, शाळेतली सहकारी

ब्रॅनम क्रीक, केंटकी
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५